तिसऱ्या कव्हरचं काय होणार?

प्रो कबड्डीचा कोट्यधीश सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच टीमच्या बाकावर बसलेल्या, नऊ लाखांच्या करारावरच्या पोराचं पुढे काय होतं? दिघ्यातल्या एका दोस्तासोबत बसून मांडलेलं हे गणित. तुम्ही कबड्डी खेळत नसाल तरी वाचा, कारण पहिला करार तुमच्याही हातात येणारच आहे.

दिघा गाव स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर तो उभा होता. हातात कटिंग, खांद्याला किटबॅग आणि मोबाईलवर उघडलेली एक पीडीएफ. मला बघताच फोन पुढे केला. ‘तू पेपरात आहेस ना आता? मग हे वाच आणि सांग, काय करू?’

पीडीएफ होती खेळाडू कोट्यातल्या नोकरभरतीची जाहिरात. फॉर्म भरायला बारा दिवस उरले होते. घरी कपाटात, आईच्या साडीखाली, दुसरा एक कागद होता : गेल्या हंगामाचा प्रो कबड्डीतल्या एका संघाचा करार. डी कॅटेगरी, बेस प्राईस नऊ लाख. संघ त्याला पुढच्या हंगामासाठी ठेवणार की सोडणार, याचा पत्ता नाही. फोन केला तर मॅनेजर म्हणतो, ‘कळवतो.’

नाव आणि टीम लिहायची नाही, या अटीवर तो बोलला. बावीस वर्षांचा आहे. वडील रबाळे एमआयडीसीत कामाला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि आता तो दुसऱ्या बाकावर असतो : राखीव खेळाडूंच्या. मी इंटर्न आहे, म्हणजे माझीही जागा तशी बाकावरच. त्यामुळे त्याचा प्रश्न मला उगाचच आपला वाटला. बघा, तुम्हाला वाटतोय का.

मॅटवर सात, बाकावर पाच

आधी कबड्डीचं थोडं. सात जणांची साखळी : दोन टोकांना कोपरे म्हणजे कॉर्नर, मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना कव्हर आणि कव्हर-कॉर्नरच्या मध्ये ‘इन’. कॉर्नर रेडरचा घोटा धरतो. त्याचा फोटो येतो, रील बनते. कव्हरचं काम वेगळं. कॉर्नरने पाय धरला की धावत येऊन रेडरला अडवायचं, मध्यरेषेची वाट बंद करायची, नाहीतर डॅश मारून त्याला मॅटबाहेर ढकलायचं. कव्हर वेळेवर पोहोचला तर टाळ्या कॉर्नरला. उशीर झाला तर कोच ओरडतो कव्हरवर. आपला दोस्त डावा कव्हर आहे.

आता जागा मोजू. सातातले साधारण चार जण मुख्यतः बचावाचे असतात : दोन कॉर्नर, दोन कव्हर. बाकीचे रेडर किंवा ऑलराउंडर. म्हणजे कव्हरच्या खुर्च्या दोनच. लीगमध्ये बारा संघ, म्हणून अख्ख्या देशात सुरुवातीपासून खेळणारे कव्हर झाले चोवीस. संघात खेळाडू किमान १८ आणि जास्तीत जास्त २५. बाराने गुणलं की पूर्ण लीगमध्ये २१६ ते ३०० नोकऱ्या. भारत सोडा, इराणची पोरंही याच जागांसाठी रांगेत असतात.

सामन्याच्या दिवशी बारा जणांची नावं लागतात : सात मॅटवर, पाच बाकावर. इथे ‘बॅकअप’ या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि तेच कुणी सांगत नाही. तुम्ही तिसरे कव्हर असाल तर त्या पाचांत असता. पहिल्या दोघांपैकी कुणी लंगडला की तुमचा नंबर. चौथे असाल तर जर्सी घालून प्रेक्षकांजवळ बसता आणि टाळ्या वाजवता. कागदावर दोघांचा करार एकसारखा दिसू शकतो, पण भवितव्य एकसारखं नसतं.

आपला दोस्त ऑगस्टमध्ये चौथा होता. एकाचा खांदा दुखावला म्हणून ऑक्टोबरपर्यंत तिसरा झाला. चार सामने खेळला. वाचताना हे चार सामने कमी वाटतील. पण २०२५च्या बाराव्या हंगामात साखळीत प्रत्येक संघाचे सामनेच अठरा होते. त्याआधीच्या दोन हंगामांत ते बावीस होते. सामने कमी झाले की थकवा कमी, दुखापती कमी आणि राखीव खेळाडूच्या वाट्याला येणारी संधीही कमी. वेळापत्रकातला हा बदल टीव्हीवर आपल्याला जाणवतही नाही. तिसऱ्या कव्हरला मात्र तो लगेच जाणवतो.

पाच कोटींची वाटणी

आता पैशाकडे येऊ. प्रत्येक संघाला लिलावासाठी साधारण पाच कोटींची मर्यादा असते. खेळाडूंच्या चार कॅटेगरी आणि त्यांच्या बेस प्राईस अशा : ए ३० लाख, बी २० लाख, सी १३ लाख, डी ९ लाख.

कोट्यधीशांची गोष्ट तुम्ही ऐकलेलीच आहे. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. २०२५च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतलं. त्या एका लिलावात दहा खेळाडू कोटीच्या पुढे गेले.

पण संघाची बेरीज करून बघा. वीस जणांचा संघ धरला तर पाच कोटींत माणशी सरासरी पंचवीस लाख. एकट्या स्टारवर दोन कोटी गेले की उरले तीन कोटी आणि एकोणीस माणसं. म्हणजे सरासरी सोळा लाखांच्याही खाली. त्यात आणखी दोघं पन्नास-पन्नास लाखांचे घेतले तर उरलेल्या सतरा जणांत दोन कोटी, माणशी बारा लाखांच्या आत.

इथे एक गंमत लक्षात घ्या. वरचा खेळाडू जितका महाग, तितकी खाली स्वस्त आणि कामाच्या खेळाडूची गरज जास्त. दोस्ताला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. ‘म्हणजे दोन कोटीवाल्यामुळे माझं पोट भरतं?’ थोडंफार हो. नऊ लाखांचा भरवशाचा कव्हर कुठल्याही संघाला हवा असतो.

मग अडतं कुठे? त्याची खरी स्पर्धा शादलूशी नाहीच. ती आहे एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांशी, जी लिलावात न जाता ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून थेट करारावर येतात. संघ त्यांना घडवतात आणि पुढेही आपल्याकडे ठेवू शकतात. बाराव्या हंगामाआधी सगळ्या संघांनी मिळून ८३ खेळाडू रिटेन केले. त्यातले २५ ‘एलिट’ गटातले, २३ रिटेन केलेले तरुण आणि तब्बल ३५ आधीपासून संघात असलेले नवे तरुण खेळाडू. म्हणजे संघांनी सर्वांत जास्त राखलं ते नव्या पोरांना. आपला दोस्त लिलावातून आलाय. बावीस हे वय आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर लहान असतं. त्या यादीत मात्र ते मधलं आहे : ना स्टार, ना कोवळा.

म्हणून त्याची शक्यता मोजताना त्याने स्वतःकडे नंतर आणि पुढच्या दोघांकडे आधी बघायला हवं. डावा कव्हर खेळणारा पहिला माणूस किती वर्षांचा आहे? तो रिटेन झालाय का? २०२५पासून ‘फायनल बिड मॅच’ कार्ड वापरून संघ आपला खेळाडू दोन हंगामांसाठीही राखू शकतो. तसा राखलेला कव्हर तुमच्या पुढे असेल तर ती खुर्ची दोन वर्षं बंद. मग त्या संघात राहण्यापेक्षा सुटून लिलावात जाणं चांगलं. ‘रिलीज’ हा शब्द ऐकून घरच्यांना वाटतं, काढून टाकलं. कधीकधी तो दुसरा दरवाजा असतो, आणि कधी खरंच काढून टाकलेलं असतं. २०२५च्या लिलावाला पाचशेहून जास्त खेळाडू होते आणि विकले गेले १२१.

वहीतले अकरा टॅकल

दोस्ताकडे एक शंभर पानी वही आहे. चार सामन्यांत त्याने एकूण अकरा टॅकल केले, त्यातले पाच यशस्वी. टक्केवारी पंचेचाळीस. ऐकायला बरी नाही. आता समजा, सहाव्यापैकी एका रेडरचा पंजा अर्ध्या वीतीने मागे राहिला असता, तर अकरापैकी सहा, म्हणजे चोपन्न टक्क्यांच्या वर. एका टॅकलमध्ये ‘कच्चा’ पोरगा ‘भरवशाचा’ होतो. चार सामन्यांचा आकडा इतका हलका असतो. परीक्षेत एका प्रश्नावरून पूर्ण सेमिस्टर ठरवल्यासारखं.

त्याहून महत्त्वाचं वहीत पुढे आहे. फसलेल्या सहांपैकी तीन टॅकल सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांतले, टीम मागे पडलेली असतानाचे. राखीव खेळाडूला मॅटवर बोलावतात ते बहुतेक अशाच वेळी. गुण हवे असतात, वेळ नसतो, मग धोका पत्करून पुढे जाऊनच पकडावं लागतं. सुरुवातीपासून खेळणारा कव्हर शांतपणे थांबू शकतो, याला थांबायला वेळच देत नाहीत. आणि जिथे त्याने कॉर्नरच्या पकडीला साथ देऊन रेडरला रोखलं, तिथे टॅकलचा गुण कॉर्नरच्या नावावर गेला. तो वहीत त्याने वेगळ्या रंगाने लिहिलाय. असे सात आहेत.

मग संघाने कशाकडे बघावं? आणि त्याने संघाला काय दाखवावं? माझं मत असं, की टक्केवारीपेक्षा व्हिडिओ. सात साथींच्या आणि तीन घाईच्या टॅकलच्या क्लिप्स कापून, सामन्याचा स्कोअर आणि शिल्लक वेळ लिहून दोन मिनिटांची फाईल. कोच बिझी असतात, पण दोन मिनिटं बघतात.

अमेरिकेतल्या फुटबॉलचं एक उदाहरण इथे चपखल बसतं. तिथल्या एनएफएलमध्ये ‘लाइनमन’ नावाचे धिप्पाड खेळाडू असतात. चेंडू त्यांच्या हातात जवळपास येतच नाही. समोरच्याला अडवणं एवढंच काम. चूक झाली तरच नाव घेतलं जातं. थोडक्यात, आपले कव्हर. तिथे संघात ५३ जण असतात आणि नियमच असा, की सामन्याच्या दिवशी आक्रमक फळीचे किमान आठ लाइनमन तयार ठेवले तरच ४८ जणांना उतरवता येतं, नाहीतर ४७. मॅटवर, सॉरी, मैदानावर एका वेळी पाचच लागतात. म्हणजे राखीव लाइनमनची किंमत नियमानेच मान्य केलीय. आणि त्या राखिवांत सर्वांत टिकतो तो, जो डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना खेळू शकतो.

आपल्याकडे असा नियम नाही. पण शहाणपण तेच. फक्त डावा कव्हर खेळणाऱ्यासाठी संघात एक जागा असते. डावा, उजवा आणि अडीनडीला कॉर्नर खेळणाऱ्यासाठी तीन. दोस्त गेला महिनाभर सकाळी उजव्या बाजूने सराव करतोय. ‘उलट्या हाताने जेवल्यासारखं वाटतं,’ म्हणतो.

बेंचवरून हिरो? जरा थांबा

अशा वेळी सगळे पवन सेहरावतचं उदाहरण देतात. खरंच भारी गोष्ट आहे. २०१७मध्ये गुजरातकडे असताना त्याला फारशी संधीच मिळाली नाही. पुढच्या हंगामात बंगळुरूकडे परतला आणि रेडमध्ये २७१ गुण काढले. ५ जानेवारी २०१९ला मुंबईत झालेल्या फायनलमध्ये एकट्याने २२. त्याच हंगामात आपल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून पदार्पण केलं. ३६ लाख ४० हजारांचा खेळाडू पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाखांचा झाला.

पण या गोष्टी ऐकताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, दोघंही रेडर. रेडरला एका रात्रीत नाव मिळतं, कव्हरला वर्षं लागतात. सुनील कुमारचं बघा. २०१७पासून गुजरातकडे परवेश भैंसवालसोबत त्याची कव्हरची जोडी गाजली. २०२४मध्ये यू मुंबाने त्याला १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतलं. मधली सात वर्षं तो एकेक पकड करत होता.

दोन, शरीर. सिद्धार्थला २०२१-२२च्या हंगामात दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळता आले. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार १ मार्च २०२४ला पुणेरी पलटणचा विजेता कर्णधार होता. पुढच्या हंगामात गुडघ्याने दगा दिला आणि मधेच बाहेर बसावं लागलं. यांना नाव होतं, संघाने वाट बघितली. नऊ लाखांच्या तिसऱ्या कव्हरची वाट कोण बघेल?

आणि जे बेंचवरून कुठेच गेले नाहीत, त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून आपल्याला वाटतं, बेंचवरचा प्रत्येक जण पवन होतो.

पंचविशीची रेघ

आता ती पीडीएफ. रेल्वेच्या खेळाडू कोट्यात वयाची अट १८ ते २५. त्यात सवलत नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण तिथे मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात : राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा वगैरे. खासगी लीगचा करार हे काही तसं प्रमाणपत्र नव्हे. इथेच अनेक पोरं चुकतात. लीगच्या कॅम्पसाठी जिल्ह्याची निवड चाचणी सोडतात आणि तीन वर्षांनी कळतं, की फाईलमध्ये फोटो भरपूर आहेत, सर्टिफिकेट एकही नाही.

पैशाचं गणित मी त्याच्यासमोर पेपर नॅपकिनवर मांडलं. तुम्हीही बघा.

नऊ लाखांवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे नव्वद हजार आधीच कापले जातात. (२०२५-२६पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट आहे, त्यामुळे रिटर्न भरलं तर हे पैसे परत मिळू शकतात. दोस्ताने अजून रिटर्न भरलेलंच नाही. तुम्ही पहिल्या कमाईपासून भरा.) नऊ लाख बारा महिन्यांवर पसरले तर महिना ७५ हजार. पण पुढच्या वर्षी करार झाला नाही तर तेच नऊ लाख चोवीस महिन्यांवर, म्हणजे महिना साडेसदतीस हजार. हंगाम असतो जेमतेम दोन महिन्यांचा. उरलेल्या दहा महिन्यांचा खुराक, जिम, फिजिओ हे त्यातूनच.

दुसऱ्या बाजूला रेल्वेतली लेव्हल दोनची नोकरी : मूळ वेतन १९ हजार ९००, महागाई आणि घरभाडे भत्ता वेगळा. नुसत्या मूळ वेतनाने नऊ लाख गाठायला पंचेचाळीस महिने लागतील. पावणेचार वर्षं! म्हणून पोरं लीगकडे धावतात, त्यात मूर्खपणा काहीच नाही. फरक एवढाच, की सेहेचाळिसाव्या महिन्यातही इकडे पगार येतो, आणि साठीपर्यंत येत राहतो.

पण खरं सांगायचं तर हे ‘हे की ते’ असं नाहीच. लीगमधले कितीतरी खेळाडू रेल्वेत, सेनादलात, बँकांत, तेल कंपन्यांत नोकरीला आहेत आणि परवानगी घेऊन लीग खेळतात. २०१८च्या जानेवारीत महाराष्ट्राला अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार रिशांक देवाडिगा भारत पेट्रोलियमचाच. मुंबईच्या व्यावसायिक स्पर्धांत नोकरी देणाऱ्या या संस्थांचे संघ वर्षभर खेळत असतात. म्हणजे नोकरी मिळाली की खेळ सुटत नाही, उलट दहा महिन्यांचा रिकामा काळ भरतो. अडचण असते ती क्रमाची. नोकरी आधी आणि लीग नंतर हे जमतं. लीग आधी आणि नोकरी पंचविशीनंतर, हे जमत नाही.

साडीखालचा कागद

हे सगळं मी जोशात सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘आई काय म्हणते माहितीये? कागद वाच. सही करायच्या आधी वाच.’

दिघ्यात वाढलेल्यांना यामागचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. २०१५मध्ये दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं. काहींवर हातोडा पडला. घर घेतलेल्यांकडे करार होते, पावत्या होत्या, वीजबिलंही होती. आम्ही तेव्हा सहावीत होतो. एक दिवस तो शाळेत आला नाही, मग आठवडाभर आला नाही. त्याच्या घरच्यांनी कमाई घातलेली इमारत त्या यादीत होती. त्याच्या आईने तेव्हापासून एकही कागद न वाचता कपाटात ठेवलेला नाही. शिक्षण सातवी, पण गेल्या वर्षी संघाचा इंग्रजी करार आला तेव्हा शेजारच्या ताईंना बसवून तिने ओळ न् ओळ मराठीत करून घेतली. दोस्ताने सही केली होती ती फक्त आकडा बघून.

त्या माऊलीने विचारलेले प्रश्न मी वहीत लिहून घेतले. कुठल्याही कोर्सपेक्षा भारी आहेत. खाली देतोय. कबड्डीच्या जागी इंटर्नशिप, आयटी कंपनी, डिलिव्हरी ॲप, काहीही घाला.

करार हातात आला की विचारा

१. हा कागद किती दिवसांचा? हंगामाचा, वर्षाचा की दोन वर्षांचा?

२. पुढे ठेवायचं की नाही हे कोण ठरवणार आणि कुठल्या तारखेपर्यंत कळवणार? ‘कळवतो’ ही तारीख नव्हे.

३. पैसे एकदम की हप्त्यांत? शेवटचा हप्ता कधी?

४. मी आजारी पडलो, हातपाय मोडला, तर पैसे मिळतात का? दवाखान्याचा खर्च कुणाचा? हंगाम संपल्यावर दुखणं निघालं तर?

५. एकही सामना न खेळता बसून राहिलो तरी पूर्ण रक्कम मिळते का?

६. या काळात दुसरीकडे खेळायला, परीक्षेला, नोकरीच्या चाचणीला जाता येतं का? परवानगी कुणाची?

७. मधे कुणी एजंट आहे का? त्याचा वाटा किती, आणि तो लिहिलेला आहे का?

८. माझी प्रत कुठे आहे?

यातल्या सहाव्या प्रश्नावर गाडी अडली होती. भरतीची चाचणी आणि पुढचा कॅम्प एकाच वेळी आले तर? करारात त्याबद्दल काय लिहिलंय हे दोस्ताला आठवत नव्हतं. त्याने तिथूनच घरी फोन लावला. आईने कपाट उघडलं, कागद काढला आणि ताईंनी करून दिलेलं मराठी वाचून दाखवलं. लेखी विनंती केली तर संघ परवानगी देऊ शकतो, असं होतं. ‘शकतो’वर तिने जोर दिला.

मग निकाल काय?

माझं मूल्यमापन विचाराल तर असं आहे. संघाने त्याला ठेवावं, अशी त्याची पात्रता आहे. नऊ लाखांत दोन्ही बाजूंना खेळणारा कव्हर स्वस्त आहे. ठेवतीलच, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण निर्णय त्याच्या खेळापेक्षा पुढच्या दोघांच्या करारांवर आणि मागच्या पोरांच्या वयावर ठरणार आहे. सुटला तर बेस प्राईसला दुसरा संघ घेण्याची आशा ठेवायला जागा आहे, पण भरवसा ठेवायला नाही. आणि म्हणून फॉर्म भरायचाच. लीग सोडून देण्यासाठी म्हणून हा फॉर्म नाही. बाराव्या महिन्यानंतरही कबड्डी खेळता यावी म्हणून आहे.

हे मी त्याला सांगितलं. त्याने नॅपकिन घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, ‘फॉर्म भरला की मला असं वाटेल, की मी स्वतःच स्वतःला रिलीज केलं.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर बघा. प्लॅन बी हा शब्द आपण कॉलेजात सहज वापरतो, पण ज्याने बारा वर्षं एकाच गोष्टीवर काढलीत त्याला दुसरा पर्याय लिहितानाही हात जड होतो, हे मला त्या टपरीवर कळलं.

चार दिवसांनी रात्री त्याचा मेसेज आला. फॉर्मच्या पावतीचा स्क्रीनशॉट. खाली लिहिलं होतं : ‘राज्य स्पर्धेचं सर्टिफिकेट सापडत नव्हतं. आईच्या फाईलमध्ये निघालं. प्लास्टिकमध्ये.’ आणि त्याखाली लगेच दुसरा : ‘उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. रेड टाकायला कुणी नाहीये, मला उजवीकडून पकडायचंय.’

मी गेलो. सात रेड टाकल्या, सातही वेळा मातीत. रिटेन्शनची यादी अजून लागलेली नाही.